बोलण्यातून गाण्यात: संगीत नाटकाच्या शिक्षणाचा आढावा

नाशिकच्या सातपूर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एखाद्या मुलीची बारावी झाली आहे, तिला गायचंही आहे आणि नाटकातही उभं राहायचंय. तिला नाशकात काय सापडतं? गाण्याचे वर्ग भरपूर. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा इथे देता येतात. कथकचे वर्ग आहेत. उन्हाळ्यात अभिनयाची शिबिरं लागतात, पावसाळ्यात एकांकिका स्पर्धांची धावपळ सुरू होते. म्हणजे गायला एकीकडे जायचं, नाचायला दुसरीकडे, बोलायला तिसरीकडे, आणि या तिन्हींची मोट स्वतःच बांधायची. ती ज्या त्र्यंबक रस्त्यावरून या वर्गांना जाते, त्याच रस्त्यावर शासकीय आयटीआय आहे. तिथे फिटर व्हायला आलेल्या पोराला ड्रॉइंग एका पेठेत आणि फायलिंग दुसऱ्या पेठेत शिकावं लागत नाही. वर्ग आणि वर्कशॉप एकाच आवारात, आणि पुढे कारखान्यात शिकाऊ उमेदवारी. संगीत नाटकाच्या बाबतीत असं आवार उभं करता येईल का, आणि दोन वर्षांत तिथे नेमकं काय शिकवता येईल, हा या आढाव्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी या प्रश्नाला दोन वर्षांची असोसिएट डिग्री हे एक उत्तर दिलं आहे. ती साधारण ६० श्रेयांकांची असते, म्हणजे तिथल्या चार वर्षांच्या पदवीची निम्मी वाट. म्युझिकल थिएटर हा विषय घेतला तर आवाजाची वैयक्तिक शिकवणी, लिहिलेले सूर पाहून गाणं, अभिनय, बॅले, जाझ आणि टॅप, शिवाय एखाद्या प्रयोगात प्रत्यक्ष काम, अशी मांडणी सहसा असते. दोन वर्षं झाली की काही जण थेट ऑडिशनच्या रांगेत उभे राहतात, काही चार वर्षांच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला जाऊन बसतात. तिथेही हे शिक्षण फार जुनं नाही. ‘ओक्लाहोमा!’ हे म्युझिकल ब्रॉडवेवर आलं १९४३ मध्ये. विद्यापीठांतून या विषयाच्या स्वतंत्र पदव्या दिसायला लागल्या त्यानंतर दोन-अडीच दशकांनी. आधी धंदा उभा राहिला, मग धंद्याला माणसं लागली, मग वर्ग निघाले. हा क्रम लक्षात ठेवलेला बरा, कारण आपल्याकडे तो उलटा आहे. धंदा जोरात होता तेव्हा वर्ग नव्हते, आणि आता वर्ग काढायला निघावं तर धंदा शनिवार-रविवारपुरता उरलेला.

कागदावर मात्र जागा झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. महाराष्ट्रात पदविकेसाठी ८० ते ८८ श्रेयांक ठरले आहेत. या तरतुदीकडे बहुतेक महाविद्यालयं गळतीचा दरवाजा म्हणूनच पाहतात. कुणाला परवडलं नाही, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला कंपनीत लागता आलं, तर हातात एक कागद असावा, इतकंच. दोन वर्षांत एक काम पुरतं शिकून माणूस बाहेर पडावा अशा हिशेबाने अभ्यासक्रम बांधायची संधी त्यात आहे, आणि संगीत नाटकाला ती इतर विषयांपेक्षा जास्त लागू पडते.

हे काम एकेकाळी कसं शिकलं जायचं ते आधी पाहू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि पुढची पन्नासेक वर्षं नाटक मंडळी हेच विद्यालय होतं. पोरगं कंपनीत आलं की आधी लहानसहान कामं, मग नांदीतल्या कोरसमध्ये उभं राहणं, मग एखादी छोटी नक्कल. सकाळी गाण्याची मेहनत, दुपारी नकला पाठ, रात्री विंगेत उभं राहून थोरल्या नटाचं काम पाहणं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते गोड गळा घेऊन. त्या गळ्याला रंगभूमीवर उभं करायचं काम गोविंद बल्लाळ देवलांसारख्या तालीममास्तरांनी केलं आणि गाण्याची बाजू भास्करबुवा बखल्यांनी सांभाळली. देवल नुसते नाटककार नव्हते, वाक्य कुठे तोडायचं आणि मान कुठे वळवायची ते घोटून घेणारे शिक्षक होते. केशवराव भोसले लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत देवलांच्या ‘शारदा’ नाटकातल्या शारदेचं काम करून गाजले आणि १९०८ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली. आज त्या वयाचा मुलगा प्रवेशाच्या तिसऱ्या यादीची वाट पाहत असतो.

पण कंपनीच्या या शाळेची आरती ओवाळताना तिची फी विसरू नये. शाळा सुटायची, घर सुटायचं, आजारपणं बिऱ्हाडावरच काढावी लागत. मुलींना तर तिथे दारच नव्हतं. स्त्रीपार्टी पुरुष स्त्रीच्या भूमिका करत होते तोवर गाणारी बाई मैफलीत चालत होती, रंगमंचावर नव्हती. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमाराला स्वतःची संगीत नाटक मंडळी काढली, १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, आणि मग हळूहळू ते दार उघडलं. महाविद्यालयाचा वर्ग कितीही कोरडा असला तरी सातपूरच्या मुलीला तिथे पहिल्या दिवसापासून जागा आहे. कंपनीचे गोडवे गाणारे ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

तरी कंपनीत एक गोष्ट आपोआप शिकली जायची आणि आजच्या कुठल्याच वर्गात ती शिकवली जात नाही. बोलता बोलता गाण्यात जाणं, आणि गाऊन झाल्यावर पुन्हा बोलण्यात येणं. ऐकायला हे सोपं वाटतं. नटाचं शेवटचं वाक्य चालू असताना ऑर्गनवाला हळूच सूर धरतो. नटाने तो सूर कानात घेऊन बोलण्याचा आवाज नकळत त्याच्या जवळ आणायचा, शेवटच्या दोन शब्दांची गती ठेक्याच्या अंगाने वळवायची आणि प्रेक्षकाला सांधा न दिसता पहिली ओळ उचलायची. ख्यालाच्या वर्गात गाणारा तानपुऱ्यापुढे बसतो, स्वतःची पट्टी लावतो, डोळे मिटले तरी चालतं. नाटकात डोळे मिटले तर समोरचं पात्र मेलं. दोघांचं पद असेल तर बाईची पट्टी आणि पुरुषाची पट्टी यांतून वाट काढावी लागते. श्वास ताल सांगेल तिथे घ्यायचा की अर्थ सांगेल तिथे, याचा निर्णय दर ओळीला होतो. आणि सर्वांत अवघड जागा पदाच्या शेवटी असते. टाळ्या पडतात, कधी वन्समोर येतो, आणि त्यातून बाहेर येऊन पुढचं साधं वाक्य त्याच पात्राने बोलायचं असतं. चांगले गवई इथे उघडे पडलेले आहेत. गाणं झालं की पात्र विझतं आणि गवई नमस्कार करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: दोन वर्षांच्या पदविकेचा मुख्य विषय हा सांधा असावा. गाणं, अभिनय आणि नाच यांचे तीन वेगळे पेपर लावून त्यांची बेरीज संगीत नाटक होत नाही.

यासाठी कोणती नाटकं कोणत्या क्रमाने करायची हेही ठरवावं लागेल. हौशी संस्था आणि स्पर्धा यांचा ओढा ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांच्याकडे असतो, कारण त्यातली पदं सगळ्यांच्या कानात आहेत. शिकाऊ मुलांना तिथून सुरुवात करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. गोविंदराव टेंब्यांच्या आणि भास्करबुवांच्या चाली तयार गळ्यासाठी आहेत. गाणं तिथे नाटकाच्या चौकटीबाहेर मैफलीत सरकतं, आणि विद्यार्थी पात्र सोडून जागांच्या मागे लागतो. सुरुवात देवलांच्या ‘शारदे’ने (१८९९) करावी. तिथली पदं आटोपशीर, बोलण्याच्या अंगाची आणि कथेत काम करणारी आहेत. ‘सौभद्रा’त (१८८२) शंभराहून जास्त पदं आहेत खरी, पण साकी, दिंडी, कामदा अशा छंदांत संवादच पुढे सरकत असतो. सगळं न गाता एकेक प्रवेश घेतला तर बोलणं आणि गाणं यांच्या मधली कितीतरी पायऱ्या तिथे सापडतात. दुसऱ्या वर्षी रांगणेकरांचं ‘कुलवधू’ (१९४२) घ्यावं, कारण तिथे घर आजच्यासारखं आहे आणि त्यात गाणं कसं शोभवायचं हा प्रश्न ताजा आहे. मग पंडित जितेंद्र अभिषेकींनी चाली दिलेली नाटकं. आलापींनी पसरलेलं नाट्यपद त्यांनी पुन्हा बेताच्या लांबीत आणलं, तरीही राग सोडला नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) सगळ्यात शेवटी, आणि तेही अभ्यासापुरतं. त्या नाटकात पात्रं गवईच आहेत, त्यामुळे त्यांना गाण्याला कारण द्यावं लागत नाही. नेमकं ते कारण शोधण्याचाच अभ्यास आपल्याला करायचा आहे.

राज्यात नाटक शिकवणाऱ्या संस्था कमी नाहीत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, त्याच्या नावातच गुरुकुल आहे, आणि नाटक, संगीत, नृत्य हे तिन्ही विषय एका आवारात आहेत. सतीश आळेकरांनी तिथे बराच काळ धुरा वाहिली. त्यांचं स्वतःचं ‘महानिर्वाण’ कीर्तनाच्या अंगाने जाणारं आहे, हा निव्वळ योगायोग मानू नये. मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि लोककला अकादमी आहेत. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्यात कला अकादमी आहे. पण यांत नाटकाचा विद्यार्थी आणि संगीताचा विद्यार्थी बहुतेक वेळा शेजारी राहतात, एका घरात नाही. संगीत नाटक खऱ्या अर्थाने चालू ठेवलं ते पुण्याच्या भरत नाट्य संशोधन मंदिराने, शिलेदार मंडळींच्या मराठी रंगभूमीने, रत्नागिरीच्या खल्वायनने आणि गोव्यातल्या गावोगावच्या जत्रांनी. दिवसा नोकरी-शेती करून रात्री तालमीला येणाऱ्या माणसांनी. जयमाला आणि कीर्ती शिलेदार यांनी घरात आणि शिबिरांत जी मुलं तयार केली, त्यांचा अभ्यासक्रम कुणी लिहून घेतला असता तर आज पदविकेचा निम्मा मसुदा तयार असता.

नाशिकच्या बाजूने पाहिलं तर या विषयाची मुळं इथे चांगली खोल आहेत. २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्या विजयानंद थिएटरात, ‘शारदे’च्या प्रयोगाच्या वेळी. शाळेच्या पुस्तकात गोळ्या राहतात, नाटक राहत नाही. प्रा. वसंत कानेटकर एच.पी.टी. महाविद्यालयात शिकवत आणि नाशकात बसूनच नाटकं लिहीत. त्यांच्या ‘मत्स्यगंधा’ला (१९६४) अभिषेकींनी चाली दिल्या. कुसुमाग्रजांचं ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) हेही संगीत नाटक, चाली पुन्हा अभिषेकींच्या, आणि दोन्ही नाटकं गोवा हिंदू असोसिएशनने उभी केली. त्याच काळात कानेटकरांनी ‘लेकुरे उदंड जाली’ लिहिलं. त्यात गद्य बोलता बोलता माणसं मजेत गाऊ लागतात, तानेचा संबंध नाही. इंग्रजी म्युझिकलच्या सगळ्यात जवळ जाणारं मराठी नाटक मला तेच वाटतं. शिकाऊ मुलांच्या हातात ते अजून कुणी फारसं देत का नाही, हे कोडं आहे. आणि २०१७ मध्ये नाशिकच्याच प्राजक्त देशमुखांचं ‘संगीत देवबाभळी’ आलं. दोनच बायका, आवली आणि लखुबाई, आनंद ओक यांचं संगीत, आणि रंगमंचावर प्रत्यक्ष गायन. एकांकिकेच्या वाटेने आलेलं हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर चाललं, म्हणजे या प्रकाराला प्रेक्षक आहे, हे त्याने सिद्ध केलं.

पण नाशिक म्हणजे फक्त नाट्यपद नव्हे. पदविकेचा मसुदा करणाऱ्यांनी नेमकी इथेच चूक करू नये. याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. गण-गवळणीचा साचा घेऊन त्यात काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळातला संताप आणि चेष्टा भरली. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. सातपूरच्या वस्त्यांत आजही त्यांची गाणी आंबेडकर जयंतीला वाजतात, आणि ती पाठ असलेली पोरं शास्त्रीय गाण्याच्या वर्गात कधी पोचत नाहीत. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागात बोहाडा होतो. मुखवटे, संबळ, पिपाणी आणि रात्रभर नाच. कारखान्यांसाठी खानदेशातून आलेल्या कुटुंबांच्या गावी वहीगायन आहे. बोलणं, गाणं आणि नाचणं यांची फारकत या प्रकारांत झालेलीच नाही. संगीत नाटकाच्या नटाचं अंग पुष्कळदा लाकडासारखं असतं. उभं राहून गायचं, फार तर हात पसरायचा. अमेरिकन अभ्यासक्रमातलं टॅप आणि बॅले आपल्याला उसनं आणायची गरज नाही, लावणी, जलसा आणि बोहाडा पुरेसे आहेत.

आता दोन वर्षांचा हिशेब. दोन वर्षांत गवई होत नाही, हे सगळ्यात आधी माहितीपुस्तकात छापावं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गुरूच्या घरातली विद्या वर्गात आणली. नंतरच्या आयुष्यात त्यांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम मांडला, म्हणजे तेही नाशिककरच झाले. पण त्यांनीसुद्धा गाण्यालाच वाहून घेणाऱ्यांसाठी उपदेशक वर्ग निराळा ठेवला होता. ते विद्यार्थी त्यांच्याजवळच राहत आणि वर्षानुवर्षं शिकत. वर्गात काय होतं आणि काय होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून पदविकेला येणाऱ्याकडे गळ्याची थोडी पूर्वतयारी हवी. गांधर्वची मध्यमा झालेली असेल तर उत्तम. ती नसेल पण जलशात किंवा भजनी मंडळात गाऊन कान तयार असेल, तर तेही चालावं. मग दोन वर्षांत रोजचा निम्मा वेळ तालमीचा, जिवंत ऑर्गन आणि तबल्यासह. मोबाइलवरचा ट्रॅक लावून सांधा शिकता येत नाही, कारण ट्रॅक नटासाठी थांबत नाही. दर सत्राला एक छोटा प्रयोग, आणि प्रत्येकाने एका प्रयोगात तरी प्रकाश, ध्वनी किंवा पडद्यामागचं काम करायचं. कॉर्डलेस माइकवर गाणं आणि बोलणं यांची पातळी सांभाळणारा ध्वनिसंयोजक आज चांगल्या गायक नटाइतकाच दुर्मीळ आहे, आणि त्याला काम जास्त मिळतं.

सातपूरमध्ये वेळ हा वेगळाच विषय आहे. इथे घरातलं कुणीतरी पाळीत असतं. फर्स्ट शिफ्टवाल्याला दुपारनंतर मोकळीक असते, सेकंडवाल्याला सकाळी, आणि आठवडा बदलला की सगळं उलटं. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी कारखान्यातल्या माणसांना रंगमंच दिला तो हे वेळापत्रक गृहीत धरून. पदविका फक्त सकाळी साडेदहा ते साडेपाच अशी ठेवली, तर नोकरी करून शिकू पाहणारा आधीच गळतो. उमेदवारी करणाऱ्या पोरासाठी संध्याकाळची तुकडी हवी, श्रेयांक तीन वर्षांत पसरून घेण्याची मुभा हवी, आणि श्रेयांक साठवण्याची सोय आता कायद्याच्या चौकटीत आहेच.

नोकरीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. नाटकाचा निर्माता प्रमाणपत्र मागत नाही, आवाज मागतो. मुंबई-पुण्याला राहायचं भाडं नाटकाच्या नाइटमधून सुटत नाही. बहुतेकांना मालिका, डबिंग, शाळेतलं संगीत किंवा मुलांची शिबिरं यांचा आधार घ्यावा लागतो. शाळांमध्ये स्नेहसंमेलन बसवणाऱ्याला गाणं, नाच आणि संवाद तिन्ही यावं लागतं, आणि असा माणूस शिकवून तयार केलेला क्वचितच मिळतो. गावोगावी स्पर्धेसाठी दिग्दर्शक आणि ऑर्गनवादक बाहेरून बोलावण्याची गोव्याची पद्धत आहे. तशी मागणी नाशिक, धुळे, जळगावात वाढली तर पदविकेतल्या चार-सहा जणांचं पोट त्यावर चालेल. चाळीस जणांचं नाही. म्हणून तुकडी बारा-पंधराची ठेवावी. महाविद्यालयाला ही संख्या परवडत नाही हे खरं, आणि अनुदानाची खरी अडचण तिथेच आहे.

उरला शिक्षकांचा प्रश्न, आणि तो बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. ज्यांना हा सांधा हाताने माहीत आहे, त्यांच्याकडे नेट-सेट नाही, काहींकडे पदवीही नाही. ऑर्गनवर तीस-चाळीस वर्षं साथ केलेला माणूस नटाच्या वाक्यातला श्वास ओळखतो, पण विद्यापीठाच्या निवड समितीपुढे तो बसूच शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हा मार्ग खुला केला. क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव आणि ठसठशीत काम असलेल्याला औपचारिक पदवीविना नेमता येतं, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. ही नेमणूक कायमची नसते. अभियांत्रिकी महाविद्यालयं या नियमाने कारखान्यातले अधिकारी बोलावतात. त्याच नियमाने एक साथीदार, एक जुना तालीममास्तर आणि एक जलशातला शाहीर बोलावता येईल. तिघांचंही वय होत चाललं आहे, त्यामुळे पहिली तुकडी कधी सुरू होते यावर बरंच अवलंबून आहे.